चौदा मंडळं आणि एक टेबल

नकाशे सरांचं आडनाव नकाशे नव्हतं. ते भूगोल शिकवायचे आणि वर्गावर जाताना त्यांच्या काखेत गुंडाळलेला नकाशा असायचा, एवढंच. पण नाव असं चिकटलं की नवे पालक चिठ्ठीवर ‘माननीय नकाशे सर यांस’ असं लिहायचे, आणि सरही खाली निमूट सही करून टाकायचे.

मी या शाळेत बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. त्यातली अकरा वर्षं ग्रंथालयाच्या मागच्या अर्ध्या भागात सरांचं टेबल टेनिसचं टेबल आहे. त्यामुळे हा माणूस मी जितका पाहिला तितका त्यांच्या बायकोनेही पाहिला नसेल. ती नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत्या. शाळा सुटली की सर थेट माझ्याकडे यायचे, बाकं भिंतीला लावायचे, टेबलाची घडी उघडायचे आणि जाळी आवळायचे. टेबलाचं एक चाक कधीच गळून पडलं होतं. त्या पायाखाली मी एक जाडजूड जुना कोश दिला होता, कारण तो नाहीतरी कुणी मागत नव्हतं. साडेतीन ते पाच चेंडूची टकटक चालायची. पहिली दोन वर्षं त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. नंतर सुट्टीच्या दिवशी घरी शांतता असली की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

सर स्वतः फार मोठे खेळाडू होते असं नाही. पण शिकवायचे मन लावून. एकच सर्व्हिस मुलांकडून दोनदोनशे वेळा करून घ्यायचे. रागवायचे ते फक्त उशिरा येण्यावरून. “टेबल तुमची वाट बघत थांबत नाही,” म्हणायचे.

त्या वर्षी त्यांच्याकडे दोन मुली होत्या. एकीला सगळे डावरी म्हणायचे, कारण ती डाव्या हाताने खेळायची. नववीतली, तोंडाने फटकळ, मारायला आक्रमक. दुसरीला म्हणायचे भिंत. ती दहावीत होती. बोलायची कमी, पण टेबलाच्या कुठल्याही कोपऱ्यात चेंडू टाका, तो परत यायचाच. समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत ती परतवत राहायची. दुहेरीत दोघींनी आळीपाळीने मारायचं असतं, त्यामुळे जोडीदार एकमेकांच्या पायांत येतात. एक डावरी आणि एक उजवी असली की तो घोळ होत नाही. सरांनी तीन वर्षांपूर्वीच हे हेरलं होतं. तेव्हापासून ही जोडी त्यांनी जिवापाड सांभाळली.

आता शाळेबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शाळा सरकारी, शहराच्या टोकाला, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. आजूबाजूला चार मजली इमारतींच्या रांगा. महामार्गापलीकडे काचेची नवी खासगी शाळा उभी राहिली आणि आमच्याकडची पटसंख्या दरवर्षी घटत गेली. एका वर्षी वरच्या मजल्यावरचे दोन वर्ग बंद करून कुलूप लावावं लागलं. पट आणखी घसरला तर शाळा दुसऱ्या शाळेत मिळवून टाकणार, असं वरून तोंडी सांगितलं गेलं होतं. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला होता.

अशात परिपत्रक आलं. शाळांना श्रेणी मिळणार आणि त्यात सहशालेय उपक्रमांना वेगळे गुण असणार. प्रत्येक शाळेत किमान बारा मंडळं हवीत, प्रत्येक मंडळाचा फोटो आणि सभासदांची यादी हवी, नंतर पथक येऊन पाहणी करणार. आमच्याकडे मंडळ असं एकच होतं, सरांचं. म्हणून मोठ्या बाईंनी उपक्रमप्रमुखही त्यांनाच केलं.

सर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. “ग्रंथपाल बाई, हे वाचा. निसर्ग मंडळ, खगोल मंडळ, गायनवृंद, प्रथमोपचार पथक. आपल्याकडे यातलं काय आहे?”

“प्रथमोपचाराची पेटी आहे,” मी म्हटलं. “आत कात्री आणि कापूस.”

ते हसले नाहीत. मोठ्या बाईंकडे गेले, मीही काहीतरी निमित्ताने गेले. सर म्हणाले, “बाई, बारा मंडळं खरोखर सुरू करायची तर वर्ष लागेल. माणसं लागतील, तासिका लागतील. आहे ते एक मंडळ नीट दाखवू या ना.”

“एका मंडळाचे किती गुण मिळतात ते मी पाहिलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सर, मंडळ आहे म्हणून फोटो काढतात हे तुमचं म्हणणं. मला वर फोटो पाठवायचाय, म्हणून मंडळ असायला हवं. यंदा एवढं करा. शाळा टिकली तर पुढच्या वर्षी खरी मंडळं काढू.”

शाळा टिकली तर, म्हटल्यावर सरांनी परिपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

फोटोंचा दिवस मला लख्ख आठवतो. पहिल्या बाकावरची, सांगितलेलं ऐकणारी बावीस मुलं सरांनी निवडली. त्यात डावरी आणि भिंतही होत्या. एकाच दुपारी चौदा फोटो काढायचे होते. बारा मागितले तर दोन जास्त असावेत, हा मोठ्या बाईंचा हिशेब. मुलं झारी घेऊन उभी राहिली, निसर्ग मंडळ झालं. झाऱ्या ठेवल्या, ओळीत उभं राहून तोंडं उघडली, गायनवृंद झाला. मग बुद्धिबळाचे पट आले, मग दुर्बीण. दुर्बिणीला भिंग नव्हतं, म्हणून ती आकाशाकडे न रोखता आडवी धरायला लावली. फोटो सर स्वतः काढत होते. सुरुवातीला त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. आठव्या मंडळानंतर त्यांना ते काम उरकण्याची घाई झाली. “तू मागे जा, तू झारी खाली ठेव, हस जरा.” मुलांना मजाच वाटत होती.

टेबल टेनिसची पाळी सगळ्यात शेवटी आली. तोवर दोघी मुली तेरा मंडळांत उभ्या राहून दमल्या होत्या. सर म्हणाले, “तुम्ही जा, पाणी प्या. इथे कुणीही चौघं उभे राहिले तरी चालेल.” चार मुलगे रॅकेट उलटीसुलटी धरून टेबलाभोवती उभे राहिले. फोटो निघाला. याद्यांसह सगळं वर गेलं, यादीखाली सरांची सही.

दोन महिने गेले. आंतरशालेय स्पर्धा सुरू झाल्या आणि आमच्या जोडीने एकामागून एक सामने जिंकले. ज्या शाळांना पक्की सभागृहं होती, खास नेमलेले प्रशिक्षक होते, त्यांच्या मुलींना या दोघींनी घाम फोडला. उपांत्य फेरीत पोचणारी आमची ही पहिलीच जोडी. सर वर्गात नकाशा उलटा टांगायला लागले, इतके हवेत होते. भिंतीचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष, म्हणजे तिची ही शेवटची संधी. उपांत्य सामना गुरुवारी दुपारी बाराला, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्रीडा सभागृहात. इथून तिथे जायला पाऊण तास तरी हवाच.

मंगळवारी निरोप आला की गुरुवारी सकाळी दहाला पथक पाहणीला येणार.

सर मोठ्या बाईंकडे गेले. “त्या दोघी सोडून बाकीची वीस मुलं उभी करतो.”

“पथकाकडे फोटोंच्या प्रती असतात सर. फोटोत बागेच्या मधोमध त्या दोघीच आहेत. गायनातही. दोघी गायब दिसल्या तर बाकी सगळ्यावर संशय येईल.” मग मोठ्या बाई जरा नरमल्या. “अहो, दहाला येतील, साडेदहाला जातील. तुम्ही अकराला निघा. टॅक्सी मी बोलावून ठेवते.”

गुरुवारी दहा वाजले. मुलं झाऱ्या घेऊन उभी. दोघी मुलींनी गणवेशाच्या आत खेळाचे शर्ट घातले होते, म्हणजे बदलण्यात वेळ जायला नको. टॅक्सी फाटकाशी उभी होती. साडेदहा झाले. फोन केला तर कळलं, पथक आधीच्या शाळेत आहे. अकरा वाजले. सर फाटक ते बाग, बाग ते फाटक फेऱ्या मारत होते. त्यांनी स्पर्धेच्या आयोजकांना फोन लावला. तिकडून शांतपणे सांगण्यात आलं की पुकारा झाल्यावर पंधरा मिनिटं थांबतात, त्यानंतर समोरच्या जोडीला विजयी घोषित करतात.

सव्वाअकराला सर मोठ्या बाईंसमोर उभे राहिले. मी तिथेच होते.

“मी मुलींना घेऊन निघतो.”

“मी तुमचा हात धरणार नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण ते विचारतील या मुली कुठायत, तर मी काय सांगू?”

“टेबल टेनिस खेळायला गेल्यात म्हणून सांगा. तोही उपक्रमच आहे.”

मोठ्या बाईंनी फाईल उघडली आणि त्यांच्यापुढे सरकवली. “टेबल टेनिसच्या फोटोत त्या नाहीत सर. यादीतही नाहीत. फोटो तुम्ही काढलाय, यादी तुम्ही केलीय.”

सर त्या फोटोकडे बघत राहिले. चार मुलगे, उलट्या रॅकेट. खाली त्यांची स्वतःची सही. त्याच वेळी फोन वाजला, पथक निघालंय, दहा मिनिटांत पोचतंय. सरांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत आले, दहा मिनिटांत पाहिलं, तर टॅक्सी जोरात हाणून पोचता येईल असा हिशेब त्यांनी मनाशी केला असावा. ते थांबले.

मी हे पुष्कळदा आठवून पाहिलंय. तेव्हा मीही म्हणू शकले असते, ‘सर, जा.’ मी म्हटलं नाही. माझीही नोकरी त्याच शाळेत होती.

पथक आलं बारा वाजून वीस मिनिटांनी. सर तोवर फाटकाशी जाऊन टॅक्सीवाल्याला ‘जा’ म्हणून आले होते.

पथकात तिघे जण होते. उन्हातून आले होते, दमले होते. व्हरांड्यात उभं राहूनच त्यांनी बागेकडे पाहिलं. फोटोची प्रत कुणी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. त्यातल्या वयस्कर बाई तेवढ्या खाली उतरल्या आणि भिंतीला विचारलं, “हे कुठलं झाड आहे गं?”

“मला माहीत नाही,” भिंत म्हणाली. “मी टेबल टेनिस खेळते.”

मोठ्या बाई चटकन हसल्या. “मुलं खूप मंडळांत आहेत ना आमची, गोंधळतात.” त्या बाईंनी मान डोलावली आणि वहीत खूण केली. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं. चहा झाला, गाडी गेली.

मुली झाऱ्या हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. डावरी म्हणाली, “सर, आता निघायचं?”

सर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. “सामना त्यांना दिला. साडेबारा वाजून गेले. चूक माझी आहे.”

डावरीने झारी आपटली, झारीतलं पाणी सरांच्या बुटांवर सांडलं. तिला जे जे सुचलं ते ती बोलली, सरांनी अडवलं नाही. भिंतीने मात्र स्वतःची झारी नळाखाली धुतली, डावरीची उचलून धुतली, दोन्ही कट्ट्यावर पालथ्या घातल्या आणि दप्तर घेऊन घरी गेली.

त्यानंतर ती खेळायला आली नाही. वर्गात यायची, साडेतीनला निघून जायची. सर रोज टेबल मांडायचे, दाराकडे बघायचे. तिसऱ्या आठवड्यात तिच्याऐवजी तिची मावशी आली. मुलगी या मावशीकडेच लहानाची मोठी झाली होती. मावशी शिवणकाम करायची. दोघींचे शर्ट तिनेच मापाला आणून दिले होते. तिने धुऊन इस्त्री केलेला शर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

“हा शाळेचा आहे, परत द्यायला आले,” ती म्हणाली. सर पुढे आले तशी त्यांच्याकडे वळली. “रॅकेट तिने माळ्यावर टाकलीय. मी काही बोलले नाही. सर, मला खेळातलं कळत नाही. पण चार वर्षं तुम्ही तिला एकच सांगत आलात, वेळेवर ये. तापात आली, पाय मुरगळलेला असताना आली. आणि एकच दिवस तुम्हाला वेळेवर जायचं होतं.”

सर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभे राहिले. “खरंय,” म्हणाले.

“खरंय म्हणून काय होतंय?” मावशी म्हणाली आणि गेली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून तो जास्त लागला.

त्या दिवशी सरांनी टेबल उघडलं नाही. खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी मोकळेपणाने बोलले. “बाई, मला राग कुणाचा येतोय तेच कळत नाही. मोठ्या बाईंचा यावा, तर त्या शाळेसाठी झिजतायत. पथकाचा यावा, तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या मुली नसत्या तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी उगाच, अगदी उगाच थांबलो.”

“मग आता?”

“आता काय. स्पर्धा संपली.” मग ते म्हणाले, “हरल्या असत्या तर मला इतकं वाटलं नसतं. त्यांना हरूसुद्धा दिलं नाही आपण.”

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बसने त्या दुसऱ्या शाळेत गेले, जिच्या मुलींना आमचा सामना आयता मिळाला होता. तिथल्या प्रशिक्षक बाईंना त्यांनी सगळं खरं सांगितलं, फोटोंसकट. म्हणाले, “निकाल तुमचाच राहील. कुठेही नोंद नको. फक्त माझ्या मुलींना तुमच्या मुलींशी एकदा खेळू द्या.” त्या बाई आधी हसल्या, मग त्यांनी शनिवारची वेळ दिली.

भिंतीला तयार करणं सोपं नव्हतं. सर तिच्या घरी गेले. पायरीवर उभं राहूनच बोलले. ती म्हणाली, “त्याचं प्रमाणपत्र मिळणार?” “नाही.” “कुणी बघायला येणार?” “ग्रंथपाल बाई येतील.” ती आत गेली. मग मावशीने शिडी लावल्याचा आवाज आला, असं सर सांगत होते.

शनिवारी आम्ही एक तास आधी पोचलो. सरांनी आम्हाला सकाळी इतक्या लवकर बाहेर काढलं की तिथलं फाटकसुद्धा उघडलं नव्हतं. सामना पाच डावांचा. पहिला डाव आमच्या मुली भुईसपाट झाल्या. तीन आठवडे जोडीने सराव झालेला नव्हता. दुसऱ्यात भिंतीने परतवायला सुरुवात केली. समोरच्या उंच मुलीने सहा वेळा जोरात मारलं, सहाही वेळा चेंडू परत आला, सातव्यांदा तिने जाळीत घातला. डावरीने मुठी आवळल्या. दोन-दोन डाव झाले. शेवटच्या डावात नऊ-नऊ अशी बरोबरी होती. समोरच्यांची एक वळणारी सर्व्हिस भिंतीच्या रॅकेटवरून बाहेर गेली. पुढचा गुण डावरीने घाईत घालवला. हरलो.

मला वाटलं, आता दोघी रडणार. डावरी रडलीच. भिंत मात्र टेबलाला वळसा घालून त्या उंच मुलीकडे गेली आणि म्हणाली, “ती वळणारी सर्व्हिस परत करून दाखव ना.” त्या मुलीने दाखवली. मग पुन्हा दाखवली. अर्धा तास त्या दोघी तेवढंच करत होत्या आणि सर खिशात हात घालून बघत होते. परतीच्या बसमध्ये भिंत त्यांच्या शेजारी बसली. उतरायच्या आधी म्हणाली, “सर, तिकडे गेलो असतो तर त्या दिवशीही हरलोच असतो बहुतेक.”

“असेल,” सर म्हणाले.

“तरी जायला हवं होतं.”

“हो.”

वर्षअखेरीला श्रेणी जाहीर झाली. सहशालेय उपक्रमांत आमची शाळा वरच्या गटात आली आणि विलीनीकरणाची गोष्ट मागे पडली. मोठ्या बाईंनी कार्यक्रम ठेवला, सरांना उत्कृष्ट उपक्रमप्रमुख म्हणून मानपत्र दिलं. सरांनी ते घेतलं, कारण समोर सगळी शाळा बसली होती. खाली आले आणि मोठ्या बाईंच्या हातात दुसरा कागद ठेवला. प्रमुखपद सोडत असल्याचा.

“सर, आता तर सगळं मार्गी लागलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“म्हणूनच. खरी मंडळं काढायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी किती काढायची?”

मोठ्या बाईंनी कागद फाईलला लावला. नव्या वर्षी ते पद विज्ञानाच्या बाईंकडे गेलं आणि मंडळांची संख्या सोळा झाली.

भिंत शाळा सोडून पुढच्या शिक्षणाला गेली. तिथे टेबल नाही, असं डावरीकडून कळलं. डावरी दहावीत आली. तिच्या जोडीला सर सध्या सातवीतल्या एका मुलीला तयार करतायत. ती बुटकी आहे, बॅकहँड मारताना टाचा उंचावते. त्यात मंगळवार-गुरुवारी दहावीचे जादा तास ठेवले गेलेत, आणि ते शाळा सुटल्यावरच असतात. सर तीन वेळा अर्ज देऊन आले, तिन्ही वेळा ‘पाहू’ असं उत्तर मिळालं. काल ते चिडून म्हणाले, “बाई, आठवड्यात तीन दिवसांत जोडी तयार होते का कुठे?” आणि जाळी आवळायला गेले.